हिरव्याखालचा पलंग

—नाही हो, चुकीच्या घरात नाही आलात, पलंग हाच. हिरव्याखाली आहे. या ना, या आत, अशा दारात काय उभ्या राहिलात — ही कोथिंबीर, ही पार्सली, ही कांद्याची पात, भिंतीकडे शेपू, पायथ्याशी पालक, आणि तो उशीवर एकटा बसलाय तो पुदिना, त्याला शेवटपर्यंत कुणात मिसळू द्यायचं नसतं. घाबरू नका, चादर स्वच्छ आहे. पंख्याखाली ठेवलंय सगळं. वाळवत नाहीये, नुसतं अंगावरचं पाणी जायला हवं — ओला पाला चिरला की सुरीखाली चिखल होतो. हे माझं वाक्य नाही, ताईचं. माझी थोरली बहीण. गेली ती, गेल्या वर्षी. तुम्हाला सकाळी बोलावलं होतं ते माझ्या डोक्यातूनच गेलं बघा, बेल वाजली तेव्हा मला वाटलं दुसरंच कुणीतरी लवकर आलं, आणि मी अशी, ओल्या हातांनी, केसांत शेपूची काडी — आहे ना अजून? काढा, काढा. तर सांगत काय होते, फोन आला त्या दिवशीही हे सगळं असंच पसरलेलं होतं. अगदी साधा दिवस. नळाला पाणी होतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी खिळे ठोकत होतं, मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून आले होते आणि चणे शिजत होते. गाणं म्हणत होते मी. मला गाणं येत नाही, त्यामुळे खिळे ठोकणारा मधूनमधून थांबत होता. आणि फोन वाजला. असो. तुम्ही टेप आणलीय ना? मोजा की. पाला हलवू नका, लाकूड मोजा.

तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या भाचीएवढी असशील — भाची नाहीये मला, पण असती तर. लग्न कधी आहे? अगं बाई, म्हणजे आलंच की! आणि तो? खाली टेम्पोत? वर का नाही आला — लाजतो? पलंग घ्यायला लाजतो! बरोबर आहे, लाजू दे, लाजणारे बरे असतात. मला माहितीय एक लाजणारे. — काही नाही, असंच म्हटलं. तू मोज. लांबी भरपूर आहे, आमचे बाबा उंच होते, त्यांनी सुताराला समोर झोपून दाखवलं होतं. पुढे आई-बाबा गेले आणि आम्ही दोघी या पलंगावर आलो, त्या तशाच राहिलो. ताई भिंतीकडे, मी खिडकीकडे. ती उशाच्या फळीवर रेघ दिसतेय का, मधोमध? हात फिरव, शाई आहे, जाणार नाही. मी काढलीय ती. मी नकाशे काढते, मोजणीच्या ऑफिसात — म्हणजे आता सगळं कॉम्प्युटरवर, पण तेव्हा हातानं, शाईनं. एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं, माझे पाय तिच्या हद्दीत येतात म्हणून. तर मी ऑफिसातून पट्टी आणली, फळीचा बरोबर मध्य काढला आणि रेघ ओढली. ताईनं ती वाकून, चष्मा लावून तपासली आणि म्हणाली, "एक केसभर माझ्याकडे सरकलीय." सरकली नव्हती गं! पण पुढे कितीतरी दिवस रात्री दिवा घालवला की अंधारात आवाज यायचा — "केसभर." आणि मग दोघी हसत सुटायचो. तर ती रेघ राहील तशीच, चालेल ना तुम्हाला? उपयोग होईल. नवीन लग्नात तर फार होईल.

आणि बघितलंस का, पाला सगळा रेघेच्या पलीकडे, तिच्याच बाजूला. तिचा नियम. "तुझ्या बाजूला केस असतात," म्हणायची. असतात, काय करू. नाही, ओला आहे अजून, उलथापालथ करायला हवी — हात धुतेस का? तिकडे बेसिन. तू तिकडून कोथिंबीर हलव, मी पात घेते. अशी बोटं आत घालून, वरखाली, झोपलेल्याला उठवतात तशी हळू. छान. येतंय तुला. तुझ्या नवऱ्याचं नशीब आहे, आणि त्याला वाटत असेल की खाली ताटकळत बसलोय.

काय करतेय म्हणजे, सूप. इराणी पद्धतीचं. ताई दवाखान्याच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ होती ना, तिथे एक इराणी बाई आल्या होत्या, नवऱ्याला घेऊन. त्याला काही जेवण जाईना. मग त्या बाईंनी ताईच्या स्वयंपाकघरात उभं राहून हे करून दाखवलं, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, एक हातानं दाखवतेय, दुसरी मान हलवतेय. पाला एवढा, म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरले. ताईला वाटलं काहीतरी चुकतंय. नव्हतं चुकत. पातेलं भरून पाला लागतो आणि शिजला की मूठभर होतो, त्यामुळे घालताना हात आखडायचा नाही. सोपं आहे, सांगते — आधी कांदा परतायचा, मऊ होईस्तोवर, हळद, मिरपूड. मग भिजवून शिजवलेले चणे, मसूर, गाजर, आणि पाणी. मग हा हिरवा डोंगर. मग मंद गॅस आणि आपण गप्प. ताई तेल थेंबथेंब मोजून घालायची, मीठ तर असं टाकायची जसं काही आपला शेवटचा खडा देतेय. मूळ सुपात लांब शेवया असतात, तर तिनं त्या काढून टाकल्या, मैदा म्हणे, आणि त्याजागी गाजराचे लांब-लांब काप. मी वर्षानुवर्षं गाजराला शेवया म्हणत आले. आज घालणार आहे मी, खऱ्या! पुडाच्या पुडा आणलाय. आणि तोडायच्या नाहीत, तशाच लांब सोडायच्या, खाताना हनुवटीवर लोंबल्या पाहिजेत. आता त्या लोंबत्या शेवया घेऊन दोन वयस्कर माणसं समोरासमोर बसणार म्हणजे — अगं, हसतेस काय, मीच विचार करून सकाळपासून हसतेय.

कोण दोन म्हणजे? मी दोन म्हटलं का? — शेवटी वरून घट्ट दही घोटून सोडायचं, आणि पुदिना. पुदिना तेलात घालायचा तो गॅस बंद करून, नाहीतर क्षणात करपतो आणि सगळ्या सुपाला कडू करतो. हे मात्र लक्षात ठेव, बाकी सगळं चुकलं तरी चालतं. — तू अजून माझ्याकडेच बघतेयस. बरं. येणार आहे एकजण जेवायला. एक गृहस्थ. चष्मेवाले. म्हणजे चष्म्याचं दुकान आहे त्यांचं, पोस्टाच्या पुढच्या गल्लीत, बायको जाऊन खूप वर्षं झाली, मूलबाळ नाही, गुडघा थोडा दुखतो, स्वभावानं — कशाला लपवू, तुझं लग्न आहे आणि माझंही आहे! हं! बोलले. पहिल्यांदा मोठ्यानं बोलले कुणासमोर, आणि तेही पलंगाच्या गिऱ्हाइकासमोर. बस, बस ना खिडकीच्या बाजूला, तिकडे पाला नाही. या वयात, हो. ऑफिसात कळलं तर ते लोक आधी जन्मतारीख तपासतील. म्हणून तर पलंग काढतेय. ते इथं राहायला येणार, त्यांना दुकानावरच्या घराचे तीन-तीन जिने चढवत नाहीत, इथं एकच आहे, आणि या पलंगावर मी त्यांना — नको गं बाई. इथं ताई आहे. होती. तू मोजलंस ना?

कसं विचारलं ते ऐक, हे ऐकल्याशिवाय तुला जाऊ देणार नाही. माझे डोळे तपासत होते. दुकान बंद व्हायची वेळ, शटर अर्धं खाली. ती तपासायची लोखंडी चौकट असते ना, गोल-गोल, जड, ती माझ्या नाकावर. एका डोळ्यावर काळी चकती. दुसऱ्या डोळ्यासमोर ते काचा बदलताहेत आणि विचारताहेत, "हे स्पष्ट, की हे? पहिलं, की दुसरं?" मी सांगतेय, पहिलं. दुसरं. सारखंच. पहिलं. आणि त्याच आवाजात, काच हातात धरून, ते म्हणतात, "आत्ता आहे तसं — की मी बरोबर असताना? पहिलं, की दुसरं?" अगं, मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. समोर नुसती अक्षरं, मोठी, काळी. मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, "परत एकदा दाखवा." आणि त्यांनी परत विचारलं! तितकंच शांतपणे, काच खाली-वर करून. मी म्हटलं, दुसरं. एका डोळ्यानं होकार दिलेली मी या जगात पहिलीच असेन. मग त्यांनी ती चौकट काढली, माझ्या नाकावर दोन्हीकडे वळ उठलेले, आणि त्यांचे कान लाल. आणि म्हणाले, "ताईंना विचारा. त्या हो म्हणाल्या की पक्कं. त्या एकट्या पडणार असतील, तर आपण काही बोललोच नाही असं समजू." असा माणूस आहे. ताईचा धाकही होता त्यांना, तिनं एकदा दुकानात उभं राहून त्यांच्या डब्यातल्या तळलेल्या गोष्टी मोजल्या होत्या.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी — म्हणजे तो, मघाशी सांगितला तो साधा दिवस — मी उठले तीच हसत. दात घासताना हसतेय, डबा भरताना हसतेय. ताई दारात चप्पल घालत होती, माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं, लॉटरी लागली की काय?" मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. म्हणाली, "आत्ता सांग." मी म्हटलं, नाही, संध्याकाळी, सूप खाताना, आज मी करते सूप. म्हणाली, "तू? मग मी वाटेत काहीतरी खाऊनच येते." आणि गेली. सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. तिची बस सुटली नव्हती, दोन वाक्यांचं तर काम. पण मला ते — कसं सांगू — मला ते दिवसभर एकटीला जवळ ठेवायचं होतं. ऑफिसात नकाशावर वाकून बसले होते आणि आत असं काहीतरी बुडबुड उकळत होतं. आयुष्यभर सगळं आमचं दोघींचं होतं गं, पलंग, साबण, छत्री. पहिल्यांदा काहीतरी नुसतं माझं होतं. एक दिवसापुरतं. आणि भीतीही होती, तिचा चेहरा पडला तर? म्हणून सूप. पहिल्या वाडग्याला काही बोलायचं नाही, दुसरा वाडगा वाढताना सांगायचं, असं ठरवलं. आरशासमोर म्हणूनही बघितलं. "ताई, ते चष्मेवाले आहेत ना —" इथपर्यंत यायचं आणि मला हसू फुटायचं.

फोन तिच्या स्वयंपाकघरातल्या बाईंचा होता. ताटांवर झाकणं लावता-लावता खाली बसली म्हणाल्या. लवकर या म्हणाल्या. किती लवकर, ते नाही म्हणाल्या.

गॅस बंद करून गेले होते, तेवढं भान होतं. पंखा मात्र राहिला. परत आले, लोक आले, गेले, मग कधीतरी या खोलीत आले, तर हा पाला तसाच, तिच्या बाजूला, कागदासारखा झालेला. पंखा फिरतोच आहे. मी बटण बंद करायला गेले ते रेग्युलेटर उलटा फिरवला, एकदम जोरात! — आणि सगळं उडालं. खोलीभर. कपाटावर, आरशावर, माझ्या तोंडावर, हिरवा पाऊस. आणि मला हसू आलं. खरंच सांगते. एकटी उभी राहून हसले, इतकी की खालचा खिळे ठोकणारा काळजीनं वर आला. नंतर मी झाडून काढलं. अजून कधीतरी पुस्तकातून पाल्याचा एखादा तुकडा निघतो. — तेव्हापासून मी बाहेर झोपते, सोफ्यावर. तुला म्हटलं ना फोनवर, रोजच्या वापरातला पलंग आहे? नाहीये वापरात. लाकूड मात्र चांगलं आहे, त्यात खोटं नाही.

आणि ते? त्यांनी काही विचारलं नाही. भेटायला आले होते तेव्हाही सगळ्यांच्या मागे उभे राहिले. पुढे फक्त एक निरोप — "चष्मा तयार आहे." बस. मी गेलेच नाही. जुन्याच चष्म्यानं महिनेच्या महिने रेघा ओढल्या, ऑफिसात साहेब म्हणाले की बाई, ही नदी तुम्ही शाळेतून नेलीय. तेव्हा कुठं गेले, आत्ता, मागच्या महिन्यात. अगं, तो चष्मा काऊंटरवरच होता, समोर, डबी पुसलेली! त्यांनी तो माझ्या नाकावर ठेवला, काड्या गरम करून कानामागे बसवल्या, आणि मागे उभं राहून, मला तोंड दिसत नाही अशा जागी उभं राहून विचारलं, "ताईंना सांगितलं होतंत?" मी म्हटलं, हो. का म्हटलं, देव जाणे. म्हणाले, "काय म्हणाल्या?" आणि माझ्या तोंडातून निघालं — "म्हणाली, आता सूप जास्त करत जा." इतकं तिचंच वाक्य! तिच्याच आवाजात! ते असे हसले, अगं, चष्मा हातातून पडता-पडता राहिला. आणि आता जो भेटेल त्याला सांगतात. परवा पोस्टमनला सांगत होते, "आमच्या ताईंनी आधीच होकार दिला होता, सूप जास्त करा म्हणाल्या." पोस्टमनला काय कळणार. पण इतके खूश असतात ते सांगताना. आणि मी शेजारी उभी, नवा चष्मा लावून, मला सगळं इतकं स्पष्ट दिसतंय. आज जेवण झालं की तारीख धरायची आहे, रजिस्टर लग्नाची. आज पुन्हा म्हणतील ते वाक्य, वाडगा हातात घेऊन. म्हणतीलच.

काय? — खरं सांगून टाकू त्यांना? सांगेन ना. सांगेन कधीतरी... नाही गं, तू म्हणतेस ते सोपं आहे, तू आत्ता प्रेमात आहेस. ते म्हणाले होते ना, ताई हो म्हणाल्या की पक्कं. मग ताई हो म्हणाली का? मला माहीत नाही. मला वाटतं, म्हणाली असती. आधी म्हणाली असती, "तो? तळलेलं खाणारा?" मग भांडी घासताना पाठमोरी म्हणाली असती काहीतरी. पण काय, ते मला येत नाही. सुपाचं वाक्य आलं तोंडात, ते मात्र येत नाही. किती वेळा बसवून बघितलं.

— तो हॉर्न तुमचाच का? वाजवू दे की दोनदा. लाजतो म्हणालीस आणि गल्ली डोक्यावर घेतोय. हात लावून बघ, वाळला का पाला? कोरडा लागतोय ना? लागणारच, इतका वेळ बोलतेय मी. चला. चादरीची चार टोकं धर, तू तिकडची दोन, मी ही दोन — अशी उचलायची, मोळीसारखी, पुदिना आधी बाजूला काढ — हं, अशी. ने ती ओट्यावर. ठेव. बघ, पलंग. बघितलास ना आता उघडा? अगं, तिच्याकडची गादी बघ, दबलेली. माझ्याकडची फुगलेली. म्हणजे मी कमी झोपले की ती जड होती? तिला विचारलं तर म्हणेल —

नाही. काही नाही. डोळ्यांत कांद्याची पात गेली.

हे बघ, पलंग तुझा. शब्द दिला. पण आत्ता नको नेऊस, संध्याकाळी ने. त्याला म्हणावं टेम्पो फिरवून आण, वाटेत तुला काहीतरी खायला घाल. संध्याकाळी ये, सूप राहील, बाटलीत भरून देते, जास्तच करतेय. आत्ता जा. ते येतीलच इतक्यात, घड्याळ त्यांचं नेहमी पुढे असतं, आणि ते यायच्या आत मला जरा इथं पडायचंय, माझ्या बाजूला. पाय धुऊन. रेघेच्या अलीकडे. नाही, गॅस मंद आहे, काही लागत नाही. नाही गं, बरी आहे मी, हसतेच आहे, बघ की. ते दारात पाऊल टाकायच्या आत झालं तर ते वाक्य खोटं राहत नाही — निदान अर्धं तरी राहत नाही. जाताना पंखा बंद कर, त्याच्या आवाजात ऐकू येत नाही. आणि दार ओढून घे.

ताईला सांगायचं राहिलंय.